नवा कॉम्प्युटर घरात बसवताना: क्रम चुकला की डोकेदुखी

दसरा-पाडव्याला किंवा जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडताना ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी नवे कॉम्प्युटर येतात आणि पुढचे आठ दिवस घरातल्या एकाचं तरी डोकं त्यात अडकतं. पडदा काळा, आवाज नाही, इंटरनेट सापडत नाही, आणि सापडलं तर मशीन भलत्याच कुणाच्या ईमेलवर सुरू झालेलं. यातल्या बऱ्याच भानगडी क्रम चुकल्यामुळे होतात. सॉकेट तपासायच्या आधी पिन खोचली जाते, खातं कुणाच्या नावाचं हे ठरायच्या आधी 'नेक्स्ट' दाबलं जातं, डेटा तपासायच्या आधी जुनं मशीन भंगारात जातं.

खालचा क्रम दुकानातून असेंबल करून आणलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉप किंवा ब्रँडेड मशीन असेल तर जोडणीचा भाग सोडा, विजेचा मात्र सोडू नका.

दुकानातून निघण्यापूर्वी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर घराजवळच्या दुकानातून, बिल जीएसटीचं आणि भागवार हवं: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क), एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड. प्रत्येकासमोर सीरियल नंबर. असेंबल मशीनला एकत्र वॉरंटी नसते. ज्या कंपनीचा भाग त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तो सुटा न्यावा लागतो आणि तिथे सीरियल नंबरच चालतो. 'असेंबल्ड पीसी, एक नग' असं लिहिलेलं बिल तीन वर्षांनी काहीच उपयोगाचं नाही.

बिलावर विंडोजच्या लायसन्सची वेगळी ओळ नसेल आणि दुकानदार "विंडोज टाकून देतो" म्हणत असेल, तर ती बहुधा क्रॅक केलेली प्रत आहे. असा क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद केलेला असतो, कधी अपडेटही. तेवढ्यासाठी नव्या मशीनमध्ये पहिल्याच दिवशी दार उघडं ठेवू नका. लायसन्स विकत घ्या, किंवा मशीन विंडोजशिवाय आणून घरी स्वतः टाका. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह त्याला पुरतो. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: कुठल्याही ईमेलने साइन-इन करू नका. यामागचं कारण पुढे येईल, ते गंभीर आहे.

ग्राफिक्स कार्ड असलेलं कॅबिनेट टॅक्सीत उभं ठेवू नका. काचेची बाजू वर करून आडवं ठेवलं की कार्डचं वजन स्लॉटला लटकत नाही. वाशी खाडीपुलापर्यंतच्या खड्ड्यांमध्ये हा फरक दिसून येतो. खोकी वॉरंटीभर माळ्यावर राहू द्या. माळा भरलेला असेल तर निदान मॉनिटरचं खोकं ठेवा, कारण थर्माकोलशिवाय मॉनिटर सर्व्हिस सेंटरपर्यंत सुखरूप नेणं कठीण.

आधी सॉकेट, मग मशीन

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, ही तक्रार नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आणि सिडकोच्या जुन्या घरांत हमखास ऐकू येते. मशीनमध्ये करंट उतरलाय असं वाटतं. खरं कारण बहुतेक वेळा भिंतीत असतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडा करंट सतत पत्र्याकडे झिरपतो आणि अर्थिंगच्या वायरीतून निघून जातो. अर्थिंग तुटलेलं किंवा नसलेलं असलं की त्याला वाट राहत नाही. मग पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो आणि टेस्टर पेटतो. एवढ्या करंटने सहसा इजा होत नाही, पण एसएमपीएस खरोखर बिघडला तर एमसीबी पडण्याचा मार्गही त्याच तुटलेल्या वायरीतून जातो.

तपासणी पाच मिनिटांची आहे, मल्टिमीटर असलेल्या वायरमनकडून करून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा पाचच्या वर गेला किंवा फेज-अर्थचा आकडा डळमळला तर अर्थिंग कच्चं आहे. ते आपल्या खोलीतल्या बोर्डात सुटलंय की सोसायटीच्या अर्थिंगचा खड्डाच कोरडा पडलाय, हे शेजारच्या फ्लॅटमध्ये तेच मोजून कळतं. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून "झालं काम" म्हणतात. हे कधीही करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला की कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

पिनचा घोटाळा छोटा, पण पहिल्याच दिवशी अडवणारा. काही मोठ्या एसएमपीएससोबत १६ अँपिअरची जाड पिन येते. ती साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जात नाही आणि घरात १६ अँपिअरचं सॉकेट फक्त गिझर-एसीपाशी असतं. ढिले कन्व्हर्टर लावू नका, ते तापतात. एरवीच्या घरगुती मशीनला ६ अँपिअरची चांगली पॉवर कॉर्ड पुरेशी आहे, कारण ६ अँपिअर म्हणजे साधारण १,३०० वॉट. स्वस्त एसएमपीएसच्या पाठीमागे कधी ११५ आणि २३० असं लिहिलेला लाल स्विच असतो. तो २३० वर आहे ना, हे पिन खोचण्यापूर्वी पाहा. ११५ वर राहिला तर बटण दाबताक्षणी मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो. स्टॅबिलायझरची गरज नाही, आजचे बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत आपणच सांभाळून घेतात.

यूपीएसचं मात्र तसं नाही. वीज महावितरणची असो की कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यातली टोरंटची, पहिल्या वळवाच्या पावसात दिवे दोन-चारदा मिचकणारच, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर विंडोज पुन्हा टाकायची पाळी येऊ शकते. यूपीएसवर व्हीए लिहिलेलं असतं, त्याचे वॉट साधारण साठ टक्के धरा: ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट. ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन आणि मॉनिटर मिळून साधारण १०० ते १५० वॉट खातात, त्यांना ६०० व्हीए पुरतो. गेमिंगच्या कार्डला १,००० व्हीएच्या खाली जाऊ नका. वेळ किती मिळेल, तर ६०० व्हीएमधली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. प्रत्यक्षात १५० वॉटच्या लोडला दहा-पंधरा मिनिटं. फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती. पिक्चर संपवण्यापुरती नाही.

यूपीएस आणल्यावर आधी सहा-आठ तास चार्ज करा. काहींमध्ये बॅटरीची एक वायर कारखान्यातूनच सुटी ठेवलेली असते, ती जोडल्याशिवाय यूपीएस फक्त किंचाळतो. यूपीएस थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, त्याच्यावर मॉनिटर आणि मशीन एवढंच. लेझर प्रिंटर त्यावर लावाल तर तो तापताना ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडेल. मग सगळी कामं सेव्ह करून यूपीएसच्या सॉकेटचा स्विच बंद करून पाहा. पिन ओढून नाही, पिन ओढली की अर्थिंगही सुटतं. मशीन त्याच क्षणी बंद पडलं तर यूपीएसची नकली साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेच्या लहरीची ओबडधोबड नक्कल) आणि तुमचा एसएमपीएस यांचं जमत नाही. बिलाची मुदत आहे तोवर प्युअर साइन वेव्हचा बदलून घ्या. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागतेच.

राउटर आणि फायबरचा ओएनटी बॉक्स या दोघांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॅप्टरवर १ अँपिअर लिहिलंय की २, ते पाहून घ्या. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी मोठ्या यूपीएसच्या आधी हा घ्यावा.

जागा

खिडकीच्या ग्रिलजवळचं टेबल मे महिन्यात छान वाटतं आणि जुलैत त्यावर तुषार येतात. खिडकीपासून किमान दोन फूट लांब राहा. कॅबिनेट थेट लादीवर ठेवलं की पोछाचं पाणी आणि धूळ दोन्ही आत जातात, म्हणून चार-सहा इंच उंच स्टँड हवा. प्लायवूडच्या बंद कप्प्यात कोंबू नका. मागे वीतभर जागा नसली की गरम हवा तिथल्या तिथे फिरते. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम आणि टॉवर, खारघर-उलव्याला नुसती बांधकामं. तिथे पुढच्या जाळीची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा. ऐरोली, वाशी, बेलापूरच्या खाडीकडच्या घरांत पावसाळाभर मशीन रोज अर्धा तास तरी चालू ठेवलेलं बरं. उबेने आतला दमटपणा कमी राहतो आणि पितळी-सोनेरी टोकं काळवंडत नाहीत.

पूजा करणार असाल तर हळद-कुंकू बाजूच्या पत्र्यावर लावा. वरच्या जाळीवर वाहिलेल्या अक्षता थेट पंख्यात पडतात.

जोडणी आणि काळा पडदा

भर पावसात किंवा एसी गाडीतून आणलेलं मशीन तासभर तसंच राहू द्या, म्हणजे आत साचलेलं दंव उडून जाईल. मग पिन न लावता बाजूचं झाकण काढा. प्रवासात काय हललं ते पाहायचंय: रॅमच्या दोन्ही टोकांचे खटके लागलेत ना, ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय ना, त्याची पॉवर केबल घट्ट आहे ना. वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनची केबल आणि बाजूची चोवीस पिनची, दोन्ही 'कट्' आवाज होईपर्यंत दाबा. एम.२ एसएसडीच्या हीटसिंकखालची प्लॅस्टिकची फिल्म आणि कूलरखालचं 'काढून टाका' लिहिलेलं स्टिकर बऱ्याचदा तसंच राहिलेलं असतं. कूलर स्वतः बसवत असाल तरच ते तपासता येईल, एरवी दुकानात विचारा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बहुतेक बोर्डांना हाच क्रम लागतो.

मॉनिटरची केबल कुठे लावायची, इथे निम्मे लोक चुकतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच, म्हणजे मागच्या खालच्या आडव्या पोर्टना. वरचे उभे पोर्ट मदरबोर्डचे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, वरच्या पोर्टला लावून काहीही दिसणार नाही. मॉनिटरवर एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट दोन्ही असतील तर त्याच्या मेन्यूत योग्य इनपुट निवडलाय का पाहा.

बटण दाबल्यावर काहीच हललं नाही: एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद असेल. ते नसेल तर कॅबिनेटच्या बटणाची बारीक दोन पिनची वायर चुकीच्या जागी आहे.

पंखे फिरतात पण पडदा काळा: घाई करू नका. डीडीआर ५ रॅमचं मशीन पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवाजुळव करतं आणि तोवर काही मिनिटं पडदा काळाच असतो. दहा मिनिटं थांबा. मध्येच बंद केलं की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतरही काही नाही तर बोर्डवरचे चार छोटे दिवे पाहा, त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. ज्याचा दिवा पेटून राहतो, तिथे अडलंय. डीरॅमचा असेल तर पिन काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी टोकं खोडरबरने हलकेच पुसा, भुगा झटका आणि एकच पट्टी घालून पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत या जुन्या उपायाने अजूनही बरीच मशीनं जागी होतात.

'सीपीयू फॅन एरर' आली तर कूलरची वायर दुसऱ्या कुठल्यातरी पंख्याच्या पिनेवर गेलीय. ती 'सीपीयू फॅन' छापलेल्या जागीच लावा.

विंडोज सुरू करताना: इथे सावकाश

विंडोज स्वतः टाकताना एसएसडीच दिसली नाही आणि मशीन अकराव्या पिढीपासून पुढच्या इंटेलचं असेल, तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून स्टोरेजचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) पेन ड्राइव्हवर घ्या आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. एसएसडी खराब नसते, इंटेलच्या व्हीएमडी सोयीमागे लपलेली असते.

पहिल्या पडद्यांवर देश भारत निवडा. त्यामुळे तारीख आपल्या पद्धतीने येते आणि एक्सेलमध्ये आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी दिसतात. कीबोर्ड 'इंग्लिश इंडिया' ठेवा, उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतं. चुकून 'युनायटेड किंग्डम' निवडलं गेलं तर @ आणि दुहेरी अवतरणचिन्हाची अदलाबदल होते. मग बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो आणि कुणालाच कारण कळत नाही.

पुढचा अडथळा इंटरनेटचा. विंडोज ११ ला पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट लागतं आणि नव्या मशीनच्या वायफायचा किंवा लॅनचा ड्रायव्हर मात्र अजून आत नसतो. कित्येक स्वस्त बोर्डांत तर वायफायच नसतं. 'नेक्स्ट' राखाडी, पुढे वाट नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट मशीनला मिळेल. यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त चार्जिंगची केबल असेल तर पर्याय राखाडीच राहील, केबल बदला. फोनच्या दिवसाच्या डेटावर सगळे अपडेट उतरवू नका. डेस्कटॉप दिसला की आधी लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर घ्या आणि टेदरिंग काढून टाका.

आता खातं. मायक्रोसॉफ्टचं खातं घरातल्या अशा माणसाच्या ईमेलवर उघडा, ज्याचा मोबाईल नंबर बदलणार नाही. मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर नको, ऑफिसच्या तर मुळीच नको. कारण असं: विंडोज ११ च्या २०२४ पासूनच्या आवृत्त्यांत, मशीन नव्याने सुरू करून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की बहुतेक मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, होम आवृत्तीतसुद्धा. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. एरवी ही की कधी लागत नाही. बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला की एका सकाळी निळ्या पडद्यावर ती मागितली जाते आणि की नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. दुकानदाराने 'सोय म्हणून' आपल्या ईमेलने मशीन सुरू करून दिलं असेल, तर ती की त्याच्या खात्यात आहे. म्हणून वर ते सांगितलं. डेस्कटॉप दिसल्यावर पहिल्याच दिवशी ब्राउझरमधून त्या खात्यात शिरा, 'डिव्हाइसेस'मध्ये की पाहा आणि कागदावर उतरवून वीजबिलांच्या फायलीत ठेवा. मशीनवर ठेवलेल्या कीचा उपयोग नाही. त्याच कागदावर खात्याचा पासवर्डही लिहा. रोज चार आकडी पिन वापरल्यावर सहा महिन्यांत पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

एक चिडवणारी बारीक गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली की विंडोज तुमच्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं देतं. अनिरुद्धचा फोल्डर 'अनिरु' होतो आणि कायम तसाच राहतो. नंतर नाव बदलायला जाल तर प्रोग्राम मोडतील. नाव डोळ्यांत खुपत असेल तर काहीही इन्स्टॉल करण्याआधी हे करा:

१. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग 'अदर यूजर्स', मग 'ॲड अकाउंट'.
२. 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' आणि त्यानंतर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर' निवडा. नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, मध्ये जागा न सोडता.
३. त्या यूजरला ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि त्यातून लॉग-इन करा.
४. पहिला यूजर काढून टाका. त्याआधी रिकव्हरी की कागदावर आहे याची खात्री करा. मग मायक्रोसॉफ्टचं खातं नव्या यूजरला जोडा.

काही लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात आणि स्टोअरबाहेरचं काहीच इन्स्टॉल करू देत नाहीत. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून फुकट बाहेर पडता येतं, परत मात्र आत जाता येत नाही. जायचं कारणही नाही.

पहिली संध्याकाळ

विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा. 'अप टू डेट' दिसेपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात. रीस्टार्टच करा, शटडाउन नाही. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' शटडाउनच्या वेळी सिस्टिमचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं, त्यामुळे 'बंद करून चालू केलं' तरी अर्धं मशीन कालचंच असतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्या-त्या कंपनीच्या साइटवरून घ्या. बायोस अपडेट अडचण असेल तरच, यूपीएसवर, आणि डिस्कचं कुलूप तात्पुरतं थांबवून.

मग पैसे मोजलेत ते मिळतंय का पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चाललेला असतो: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे बदला. रॅमच्या खोक्यावर ३२०० आणि टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २६६६ दिसत असेल, किंवा डीडीआर ५ वर ६००० ऐवजी ४८००, तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सोय) चालू करायचं राहिलंय. ५१२ जीबीची एसएसडी ४७६ दिसते आणि १ टीबीची ९३१. हे फसवणुकीतलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. दुसरी नवी डिस्क अजिबात दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती इनिशिअलाइझ करून तिच्यावर पार्टिशन करा. आवाज येत नसेल तर तो एचडीएमआयमधून मॉनिटरकडे चाललाय आणि मॉनिटरला स्पीकरच नाहीत. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदला.

फायबरचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि लॅनवर बरोबर ९०-९५ च मिळत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी केबल बदला. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात. एक तुटली की जोडणी मुकाट १०० वर येते. वायफायवर असाल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. टॉवरमध्ये आसपासच्या सगळ्या फ्लॅटचे राउटर २.४ वर एकमेकांचं बोलणं तोडत असतात. मात्र ५ गिगाहर्ट्झ दोन आरसीसी भिंतींपलीकडे दम तोडतं, तिथे कॅट-६ केबल ओढणं हाच खरा उपाय. प्रिंटर बहुतेक २.४ वरच जोडला जातो, त्याला तिथेच राहू द्या. राउटर एकच असेल तर मशीन ५ वर असूनही छपाई होते.

फुकट आलेला ट्रायल अँटिव्हायरस काढून टाका. तो गेला की विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो आणि घरासाठी तेवढा पुरतो. लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस मिळालं असेल तर ते पहिल्याच आठवड्यात आपल्या खात्यावर नोंदवा, त्याला मुदत असते. ३६५ चं महिनाभराचं ट्रायल समोर येईल, ते वेगळं आहे, त्यावर क्लिक करू नका.

वनड्राइव्हची तक्रार सगळ्यात जास्त. सेटअपच्या ओघात तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर स्वतःकडे वळवतो. फुकट जागा ५ जीबी, घरचे फोटो ५० जीबी. चार दिवसांत 'जागा संपली'चा धोशा सुरू होतो. जागा करायला म्हणून लोक ऑनलाइन फोटो पुसतात आणि ते मशीनवरूनही जातात, कारण ती वेगळी प्रत नव्हतीच. म्हणून जुना डेटा आणण्याआधी ढगाच्या चिन्हातून सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' इथे तिन्ही बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. तिथून कट करून मूळ जागी आणा.

मराठी

सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन', मग मराठी जोडा. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड आपोआप येतो. इंग्रजी उच्चाराने टाइप करायचं असेल तर मराठीच्या पर्यायांतून 'फोनेटिक' कीबोर्ड वेगळा जोडावा लागतो. तो विंडोजमध्ये २०१९ पासून आहे, बाहेरचं काही उतरवायची गरज नाही. विंडोजची की आणि स्पेस दाबून भाषा बदलते. रोज लिहिणाऱ्याने थोडा धीर धरून इनस्क्रिप्टच शिकावा: 'के'वर क, 'डी'वर हलन्त, आणि 'दुसऱ्या'तला अर्धा ऱ शिफ्ट धरून 'जे', मग 'डी'. फोनेटिकमध्ये असल्या अक्षरांवर सूचनांच्या यादीतून निवडत बसावं लागतं.

जुन्या मशीनमधल्या श्रीलिपीसारख्या फाँटमधल्या फायली नव्यावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला कळणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये नसते, एवढंच. जुना फाँट नव्या मशीनवर टाका म्हणजे वाचता येईल, आणि कामाची तेवढी पत्रं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालाच.

जुना डेटा

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बरीच जुनी मशीनं घराबाहेर पडताहेत. त्यातली डिस्क मात्र इतक्यात घराबाहेर पाठवू नका. ती काढून यूएसबी केसमध्ये घातली की नव्या मशीनला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कला नुसती यूएसबी पुरते, डेस्कटॉपच्या ३.५ इंचीला १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरसकटचं केस लागतं. फोल्डर उघडताना 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा. जुन्या यूजरची परवानगी बदलायला हजारो फायलींना वेळ लागतो.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळेच घेतात. राहून जातं ते हे: ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, डाउनलोड्समध्ये पडलेल्या आयकर रिटर्नच्या पावत्या, आणि डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर. ब्राउझरचे पासवर्ड जुनं मशीन चालू असतानाच सिंक करा. डिस्क बाहेर काढल्यावर ते नुसती फाइल उचलून मिळत नाहीत, कारण त्यांचं कुलूप जुन्या विंडोजच्या यूजरशी बांधलेलं असतं.

सगळं आल्यावर एक टीबीची बाहेरची डिस्क घेऊन त्यावर दुसरी प्रत करा आणि मशीनपासून काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या आणि विजेच्या झटक्यात मशीनबरोबरच जाते. त्या प्रतीतल्या पाच-सहा फायली, त्यात एखादा जुना फोटो आणि एखादी एक्सेल, दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडून पाहा. त्या नीट उघडल्या, आणि मध्ये दोन महिने गेले तरी घरात कुणाला जुन्या मशीनमधलं काही हवं झालं नाही, तर जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅट नको, त्याने फायलींची फक्त यादी पुसली जाते. भंगारवाला मशीन न्यायला आला तरी डिस्क त्यातून काढून ठेवलेलीच बरी.